६७२ बाइटांचे बुद्धिबळ : झेडएक्स ८१ वरील एका प्रोग्रॅमचा प्रकरण अभ्यास

झेडएक्स ८१ या ब्रिटिश घरगुती संगणकासाठी डेव्हिड हॉर्न यांनी १९८२ साली लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम अवघ्या ६७२ बाइटांचा आहे. देवनागरीतले एक चिन्ह आजच्या संगणकात तीन बाइट घेते, म्हणजे हा परिच्छेद जेवढ्या जागेत मावणार नाही तेवढ्या जागेत एक यंत्र बुद्धिबळ खेळत होते. या प्रोग्रॅमविषयी जेव्हा जेव्हा लिहिले जाते तेव्हा त्याच्या आकाराचेच कौतुक होते आणि तीन नियम त्यात नाहीत, हे शेवटी एका ओळीत उरकले जाते. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) नाही, प्याद्याने जाता-जाता मारणे (शेजारी नुकतेच दोन घरे आलेले प्यादे ते एकच घर आले असे समजून मारणे) नाही आणि शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याचा वजीर होत नाही. माझ्या मते हे प्रकरण तपासायचे ते त्या एका ओळीपासूनच, कारण हे तीन नियम एका दर्जाचे नाहीत आणि ते गाळण्याची किंमतही सारखी नाही. परंतु तेथे पोचण्यासाठी आधी यंत्र आणि त्यातील जागा पाहिली पाहिजे.

यंत्र आणि त्याची किंमत

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने ५ मार्च १९८१ रोजी झेडएक्स ८१ बाजारात आणला. सुटे भाग घेऊन स्वतः जोडणाऱ्याला तो ४९.९५ पौंडांना आणि जोडलेला तयार संच ६९.९५ पौंडांना मिळे. स्कॉटलंडमधील डंडी येथे टायमेक्सच्या कारखान्यात तो तयार होई आणि पुढे त्याचे १५ लाखांहून अधिक नग विकले गेले. स्वस्ताईचे कारण पेटी उघडताच दिसे, कारण आत मुख्य चिपा चारच होत्या : ३.२५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८० प्रक्रियक, ८ किलोबाइटची कायम स्मृती (रॉम), फेरांटी या कंपनीने बनवलेली एक खास चिप आणि १ किलोबाइटची चालू स्मृती (रॅम). पडदा म्हणजे घरचा टीव्ही, साठवण म्हणजे घरचा कॅसेट रेकॉर्डर, आणि कळफलक म्हणजे ४० कळांचा एक सपाट प्लास्टिकचा पापुद्रा, ज्यावर बोट दाबले तरी कळ दाबली गेली की नाही हे पडद्याकडे पाहूनच कळे.

चालू स्मृती १६ किलोबाइटपर्यंत वाढवणारी पेटी मागच्या बाजूला लावता येत असे, पण सुरुवातीला तिचीही किंमत ४९.९५ पौंड होती, म्हणजे सुट्या भागांच्या संगणकाएवढीच. शिवाय ती जोडणीत सैल बसे आणि जोरात टंकले तरी हलून सगळे काम पुसले जाई. त्यामुळे ज्याने नुकतेच सत्तर पौंड मोजले आहेत त्याच्याकडे १ किलोबाइटच असणार, हे गृहीत धरून लिहिणारा एक मोठा वर्ग तयार झाला. हॉर्न त्यांच्यापैकीच एक होते. १६ किलोबाइटसाठीचे बुद्धिबळाचे प्रोग्रॅम तेव्हाही मिळत होते आणि ते अधिक चांगले खेळत. तरीही या १ किलोबाइटच्या प्रोग्रॅमला गिऱ्हाईक होते, कारण तो दुकानातून आणलेल्या यंत्रावर आणखी एक पैसाही न घालता चाले. ‘युअर कॉम्प्युटर’ या मासिकात डिसेंबर १९८२ ते फेब्रुवारी १९८३ या अंकांतून तो प्रसिद्ध झाला, आणि आर्टिक कॉम्प्युटिंग या कंपनीने त्याची कॅसेटही काढली.

जागेचा हिशेब

१ किलोबाइट म्हणजे १०२४ बाइट. त्यातील पहिले १२५ बाइट यंत्र स्वतःच्या नोंदींसाठी ठेवून घेते : कोणती कळ दाबली आहे, प्रोग्रॅम कोठे संपतो, पडद्याची जागा कोठून सुरू होते, अशा नोंदी. उरतात ८९९. आता पडदा पाहू. तो २४ ओळींचा आणि प्रत्येक ओळीत ३२ अक्षरांचा. अक्षरांचे ७६८ बाइट आणि ओळी तोडणाऱ्या चिन्हांचे २५, असे ७९३ बाइट पूर्ण भरलेला पडदा खातो. ८९९ मधून ७९३ गेले की प्रोग्रॅम, त्याच्या तात्पुरत्या नोंदी आणि परतीचे पत्ते ठेवण्याची रास या सगळ्यांसाठी मिळून १०६ बाइट हाती राहतात. बुद्धिबळ राहू द्या, त्यात धड नमस्कारही नीट मांडता येणार नाही.

यातून सुटका यंत्राच्या रचनाकारांनीच करून ठेवली होती. स्मृती सव्वातीन किलोबाइटपेक्षा कमी असेल तर झेडएक्स ८१ रिकामा पडदा भरलेला न ठेवता मिटून ठेवतो. प्रत्येक ओळीत अक्षर नाहीच, फक्त ओळ संपल्याचे चिन्ह, असे २५ बाइट. जेवढे लिहाल तेवढीच ओळ लांबते. म्हणजे आठ घरांच्या आठ रांगा मांडायच्या तर पडद्याचा खर्च शंभर बाइटांच्या आसपास राहतो. हा कमी स्मृतीसाठीचा तोडगा नसता तर हे प्रकरण घडलेच नसते, आणि त्याचे श्रेय हॉर्न यांचे नाही, हेही नोंदवले पाहिजे.

बेसिक भाषेत हे काम का होणार नव्हते, तेही आकड्यांनीच सांगता येते. झेडएक्स ८१ च्या बेसिकमध्ये प्रोग्रॅमात लिहिलेला प्रत्येक आकडा दोनदा साठवला जातो, एकदा दिसणाऱ्या अंकांच्या रूपात आणि लगेच मागे सहा बाइटांच्या अंतर्गत रूपात. साधा १ लिहिला की सात बाइट गेले, १०० लिहिले की नऊ. म्हणून १ किलोबाइटवर लिहिणाऱ्या मंडळींनी चमत्कारिक सवयी लावून घेतल्या होत्या. शून्य हवे असेल तर ‘नॉट पाय’ (शून्य नसलेल्या संख्येचा नकार म्हणजे शून्य) लिहायचे, कारण ते दोन बाइटांत बसते. एक हवा असेल तर ‘एसजीएन पाय’ (धन संख्येचे चिन्ह म्हणजे एक), तीन हवे असतील तर ‘इंट पाय’ (३.१४ चा पूर्णांक भाग). पायची किंमत कोणालाच नको होती, फक्त तो एका बाइटात येतो एवढेच पुरेसे होते. पण पट साठवायचा तर ६४ संख्यांची यादी प्रत्येकी पाच बाइटांनी ३२० बाइट घेणार आणि तिच्यापुढे कोणतीही युक्ती चालणार नव्हती. तेव्हा यंत्रभाषेवाचून, म्हणजे प्रक्रियकाला थेट कळणाऱ्या आकड्यांतील आज्ञांवाचून, पर्याय नव्हता.

यंत्रभाषेत काटकसरीचे मोजमाप एकेका बाइटाचे असते. प्रक्रियकाच्या एका कप्प्यात शून्य भरण्याची सरळ आज्ञा दोन बाइटांची, तर त्या कप्प्यातून तोच आकडा वजा करून तो शून्य करणारी आज्ञा एका बाइटाची. प्रोग्रॅमात दूरच्या आज्ञेवर उडी मारायला तीन बाइट, जवळच्या आज्ञेवर दोन. कायम स्मृतीतील पडद्यावर अक्षर छापणारा भाग एका बाइटाच्या आज्ञेने बोलावता येतो. त्यामुळे प्रोग्रॅमाचे भाग कोणत्या क्रमाने ठेवायचे हेही अर्थाने न ठरता, कोणते दोन भाग जवळ आले तर एक बाइट वाचतो, यावरून ठरते. असे लेखन वाचायला अवघड असते, हे उघड आहे. त्यातही झेडएक्स ८१ वर पडदा दिसत राहावा म्हणून प्रक्रियकाचे काही अंतर्गत कप्पे यंत्राने अडवून ठेवलेले असतात आणि त्यांना हात लावला की चित्र कोसळते.

पडदा हाच पट

पट वेगळा आणि त्याचे चित्र वेगळे ठेवायचे तर जागा दुप्पट लागते. हॉर्न यांनी पडद्याची स्मृती हाच पट मानला. सोंगटी म्हणजे तिचे इंग्रजी अक्षर. झेडएक्स ८१ च्या अक्षरतक्त्यात राजाच्या ‘के’ चा आकडा ४८, वजिराच्या ‘क्यू’ चा ५४, हत्तीच्या ‘आर’ चा ५५, उंटाच्या ‘बी’ चा ३९, घोड्याच्या ‘एन’ चा ५१ आणि प्याद्याच्या ‘पी’ चा ५३. याच आकड्यात १२८ मिळवले की तेच अक्षर काळ्यावर पांढरे उमटते. म्हणजे सोंगटी कोणाची हे सांगायला वेगळी नोंद नको, अक्षर साधे आहे की उलटे एवढे एका बिटावरून कळते आणि माणसालाही पडद्यावर तेच दिसते.

या यंत्रातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट येथेच आहे. झेडएक्स ८१ मध्ये चित्र काढणारी स्वतंत्र यंत्रणा जवळजवळ नाही, प्रक्रियकच पडद्याची स्मृती जणू प्रोग्रॅम आहे असे समजून वाचत जातो. अक्षराचा बाइट आला की फेरांटीची चिप मध्ये पडून प्रक्रियकाला ‘काही करू नकोस’ अशी आज्ञा देते आणि ते अक्षर स्वतः टीव्हीकडे पाठवते. ओळीच्या शेवटी असलेला बाइट मात्र तिने मुद्दाम तसाच पुढे जाऊ दिलेला असतो, कारण त्याचा आकडा ११८ आहे आणि झेड८० च्या भाषेत ११८ म्हणजे ‘थांब’. ओळ संपल्याचे चिन्ह आणि थांबण्याची आज्ञा एकच. आता त्या पडद्यावर पट मांडला की प्रत्येक रांगेच्या टोकाला हाच ११८ उभा असतो, आणि उजवीकडे सरकणारा हत्ती पटाबाहेर चालला आहे हे ओळखायला त्याचाच उपयोग करता येतो. एका बाइटाला तीन कामे.

पडदा हा सलग बाइटांचा पट्टा असल्यामुळे चालींचेही सोपे होते. शेजारचे घर म्हणजे पत्त्यात एक मिळवणे किंवा वजा करणे, वरचे-खालचे घर म्हणजे एका रांगेची लांबी मिळवणे किंवा वजा करणे, तिरके घर म्हणजे त्या दोहोंची बेरीज-वजाबाकी. हत्तीच्या चार दिशा आणि उंटाच्या चार दिशा लागोपाठ लिहिल्या की ती आठ आकड्यांची यादी वजिराची होते; तीच यादी, पण एकच पाऊल टाकायचे, असे म्हटले की राजाची. घोड्याच्या उड्यांचे आणखी आठ आकडे. सोळा बाइटांत पाच प्रकारच्या सोंगट्या संपल्या.

प्यादे मात्र या यादीत बसत नाही. ते पुढे चालते पण तिरके मारते, पहिल्या चालीला दोन घरे जाते, आणि काळ्याचे व पांढऱ्याचे तोंड विरुद्ध दिशांना असते. त्यासाठी प्रोग्रॅमात वेगळा भाग आहे. पटावर सर्वांत हलकी असलेली सोंगटी स्मृतीत सर्वांत महाग पडते, याचा अनुभव बुद्धिबळाचा लहान प्रोग्रॅम लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला येतो.

चाल निवडण्याची पद्धत मोजक्या शब्दांत सांगता येते, कारण ती मोजकीच आहे. संगणक आपली प्रत्येक शक्य चाल पटावर करून पाहतो, आपला राजा शहात राहत असेल तर ती चाल टाकून देतो, आणि बाकीच्या चालींना गुण देतो : काय मारले, जेथून निघालो तेथे धोका होता का, जेथे पोचलो तेथे धोका आहे का. सर्वाधिक गुणांची चाल खेळली जाते. एखाद्या घरावर हल्ला आहे की नाही हे तपासणारा भाग त्यामुळे दोनदा उपयोगी पडतो, राजाला शह आहे का हे पाहायला आणि गुण द्यायलाही. माणसाने टंकलेली चालही कायदेशीर चालींच्या यादीशी ताडून पाहिली जाते. नियमबाह्य चाल हा प्रोग्रॅम स्वीकारत नाही. प्रतिपक्षाचे उत्तर आणि त्यावरचे आपले प्रत्युत्तर अशी साखळी मात्र तो तपासत नाही. दोन चालींचा सापळा त्याला दिसण्याचे कारण नाही, आणि ज्याला घोड्याने राजा व वजीर एकदम धरता येतात त्या कोणत्याही शाळकरी खेळाडूने त्याला हरवावे अशीच त्याची ताकद आहे.

गाळलेले तीन नियम

जागा अपुरी पडली की बुद्धिबळ छाटायचे, ही रीत झेडएक्स ८१ च्या आधीची आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे मॅनिअ‍ॅक या यंत्रासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमाने आठाऐवजी सहा घरांचा पट घेतला, उंट काढून टाकले, किल्लेकोट आणि प्याद्याची दुहेरी चालही काढली. तेथे खेळच बदलला होता आणि तसे सांगितलेही गेले. हॉर्न यांनी पट आणि सोंगट्या पूर्ण ठेवून केवळ अपवादात्मक नियम काढले. ही निवड अधिक चांगली आहे, यात मला शंका नाही. प्रश्न उरतो तो त्या अपवादांचा.

किल्लेकोट आणि जाता-जाता मारणे या दोन नियमांत एक साम्य आहे. पटाकडे नुसते पाहून ते लागू आहेत की नाहीत हे सांगता येत नाही. राजा किंवा हत्ती पूर्वी हलला होता का, प्रतिपक्षाचे प्यादे अगदी मागच्याच चालीला दोन घरे आले का, हा इतिहास ठाऊक असावा लागतो. ज्या प्रोग्रॅमात पडदा हाच पट आहे त्याच्याकडे वर्तमान आहे, भूतकाळ नाही. भूतकाळ नोंदवायला जागा तशी थोडीच लागते, किल्लेकोटासाठी दोन्ही बाजू मिळून सहा बिट. पण ते बिट प्रत्येक चालीनंतर बदलायचे, मधली घरे रिकामी आहेत का पाहायचे, राजा ज्या घरांवरून जातो त्यांवर हल्ला आहे का तपासायचे, दोन सोंगट्या एकदम हलवायच्या आणि चाल करून पाहताना दोन्ही परत जागेवर ठेवायच्या, हे सगळे मी कागदावर आज्ञांच्या लांबीने मोजले तेव्हा पन्नास बाइटांच्या आत ते काही बसेना. जाता-जाता मारण्याची वेळ तर कित्येक डावांत येतच नाही. या दोन्ही नियमांना निरोप देणे समजण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील ज्या जुन्या पिढीने देशी पद्धतीने बुद्धिबळ शिकले तिला किल्लेकोट नसल्याचे फारसे खटकलेही नसते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते, त्यामुळे जाता-जाता मारण्याचा प्रसंग उद्भवत नाही, आणि किल्लेकोटाऐवजी शह मिळण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. परंतु शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याला त्या पद्धतीतही बढती आहे. ते ज्या घरात पोचते त्या घराच्या मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळतो. प्यादे टोकाला जाऊन तसेच उभे राहते, असे तेथेही नाही.

तिसरा नियम वेगळा आहे तो याच कारणाने. वजीर होण्यासाठी इतिहास लागत नाही. सोंगटी प्यादे आहे आणि रांग शेवटची आहे, एवढे पटावरच दिसते. सोंगटीचा आकडा ५३ आहे का हे पाहण्याचे पाच बाइट, पत्त्यावरून रांग ओळखून तेथे ५४ लिहिण्याचे सात बाइट. दोन्ही रंगांसाठी धरले तरी पंचविशीच्या आसपास. चाल करून पाहताना नाही तर ती पक्की झाल्यावरच हा बदल केला, म्हणजे मागे फिरताना वजिराचे पुन्हा प्यादे करण्याची भानगडही उरत नाही. अर्थात कागदावर पंचवीस बाइट मांडणे आणि भरलेल्या स्मृतीत पंचवीस बाइट सापडणे यांत अंतर आहे, ते मी नाकारत नाही. तरीही खर्च एवढा कमी असताना गाळल्याचा परिणाम केवढा होतो पाहा. किल्लेकोट नसेल तर डावाची शैली बदलते. वजीर होणे नसेल तर डावाचा निकाल बदलतो. राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, या बुद्धिबळातील सर्वांत मूलभूत अंतिम स्थितीला अर्थच राहत नाही. एक प्यादे वर असणे ही आघाडी न राहता नुसती शोभा होते.

हॉर्न यांच्या बाजूने एक उत्तर देता येते आणि ते दुबळे नाही. एकाच चालीपुरते पाहणारा खेळाडू अंतिम स्थितीपर्यंत क्वचितच टिकतो. बहुतेक डाव मध्यातच, एखादा हत्ती किंवा वजीर फुकट देऊन संपतात. जो भाग खेळला जाणारच नाही त्यासाठी पंचवीस बाइट का मोजावेत? प्रोग्रॅमाची ताकद आणि त्याचे नियम येथे एकमेकांशी जुळतात. मला हे उत्तर व्यवहार म्हणून पटते, बुद्धिबळ म्हणून पटत नाही, कारण समोरचा माणूसही नवखा असेल तर डाव रेंगाळतो आणि नवख्याचे प्यादे टोकाला पोचण्याचा प्रसंग नेमका तेव्हाच येतो.

नंतरचे आकडे

हॉर्न यांचा प्रोग्रॅम कॅसेटवरून अर्ध्या मिनिटात भरला जाई, कारण झेडएक्स ८१ सेकंदाला सुमारे ३८ बाइट वाचतो. १६ किलोबाइटच्या प्रोग्रॅमांना सहा-सात मिनिटे वाट पाहावी लागे. स्वतः टंकणाऱ्याला ते ६७२ बाइट सोळाच्या पायावरील अंकांत १३४४ वेळा कळ दाबून भरायचे, आणि यंत्रभाषेत एक अंक चुकला तरी बहुधा सगळेच कोसळते. सर्वांत लहान बुद्धिबळाचा मान या प्रोग्रॅमकडे तीन दशकांहून अधिक काळ राहिला. जानेवारी २०१५ मध्ये पीसीसाठी लिहिलेल्या ४८७ बाइटांच्या बूटचेसने तो घेतला, आणि त्याच वर्षी ऑस्कर टोलेडो यांच्या अ‍ॅटमचेसने ४०० बाइटांच्या आत येऊन तोही आकडा मागे टाकला.

अ‍ॅटमचेस तीन अर्धचालींपर्यंत (अर्धचाल म्हणजे एका बाजूची एक चाल) पुढे पाहतो, म्हणजे खेळाडू म्हणून तो अधिक दूरदृष्टीचा आहे. मात्र माणसाने टंकलेली चाल तो तपासत नाही. हत्ती तिरका नेला तरी निमूटपणे मान्य करतो, आणि १९८२ च्या प्रोग्रॅमने या तपासणीवर खर्चलेले बाइट येथे वाचतात. किल्लेकोट त्यात नाही, जाता-जाता मारणे नाही. आणि आठव्या रांगेत पोचलेले प्यादे तेथेही प्यादेच राहते.